पोकेडेक्सवर किती विश्वास ठेवायचा?

मॅगकार्गो नावाची एक गोगलगाय आहे. उंची ८० सेंटिमीटर, वजन ५५ किलो, पाठीवर थिजलेल्या लाव्हाचं कवच. पोकेमॉनच्या दुनियेतला ज्ञानकोश म्हणजे पोकेडेक्स. तो सांगतो की हिच्या शरीराचं तापमान सुमारे १० हजार अंश सेल्सिअस असतं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांच्या आसपास असतो. तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणारी ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे ही गोगलगाय दर चौरस मीटरमागे सूर्याच्या सुमारे दहापट ऊर्जा फेकणार. तिच्या अंगाचं क्षेत्रफळ ढोबळमानाने एक चौरस मीटर धरलं, तर हा आकडा ६०० मेगावॅटच्या पुढे जातो. औष्णिक वीज केंद्रातला एक मोठा संच ५०० मेगावॅटचा असतो. दहा मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला दुपारच्या उन्हाच्या पाचशेपट उष्णता लागेल. आणि खेळात तर दहा-बारा वर्षांची मुलं हा प्राणी सोबत घेऊन रानोमाळ फिरतात. आता वाचणाऱ्यापुढे तीन वाटा उरतात. लिहिणाऱ्याने आकडा ठोकून दिला, असं म्हणून विषय संपवायचा. त्या दुनियेतले भौतिकशास्त्राचे नियम वेगळे आहेत, असं मानायचं. किंवा पोकेडेक्सच चुकतोय, असं धरून तो का चुकतो याचा शोध घ्यायचा. जगभरचे पोकेमॉनचे चाहते गेली पंचवीस-तीस वर्षं दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेवर अक्षरशः लाखो शब्द खर्च करत आले आहेत. या मांडणीला ते फॅन थिअरी म्हणतात. तिच्याकडे नुसता पोरखेळ म्हणून पाहणं मला पटत नाही. पुराव्याशी कसं वागावं, हे तिथे फार उघडपणे दिसतं. कुठे चोख, कुठे अगदी ढिसाळ.

ज्यांनी पोकेमॉन फक्त नातवंडांच्या तोंडून ऐकलं असेल त्यांच्यासाठी थोडी ओळख. या खेळाचा निर्माता सातोशी ताजिरी टोकियोजवळच्या माचिदा या उपनगरात वाढला. लहानपणी त्याला किडे पकडायचा नाद होता. शहर पसरत गेलं, तळी आणि शेतं बुजली, किडे गेले. गावात वाढणाऱ्या पोराला मिळणारा तो आनंद शहरातल्या मुलांच्या हातात परत द्यावा, ही त्याच्या खेळामागची कल्पना. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेंडोच्या गेम बॉयवर या खेळाच्या रेड आणि ग्रीन या दोन आवृत्त्या आल्या. पुढल्या वर्षी टीव्हीवरची मालिका सुरू झाली, आणि २००३ पासून ती भारतात कार्टून नेटवर्कवर दिसू लागली. खेळ साधा आहे. गवतातून, गुहेतून, पाण्यातून विचित्र प्राणी निघतात. त्यांना चेंडूत पकडायचं, वाढवायचं, दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवायचं आणि प्रत्येकाची नोंद पोकेडेक्समध्ये करत जायची. पहिल्या खेळात १५१ प्राणी होते, आज हजाराच्या वर आहेत. प्रत्येकाची उंची, वजन आणि दोन-तीन ओळींची माहिती दिलेली. कथा मात्र फार विरळ. हे विरळपणच थिअरींना जागा देतं. जिथे सगळं सांगून टाकलेलं असतं तिथे तर्क करायला काही उरत नाही. इथे मात्र नोंदी भरपूर आणि त्यांना जोडणारे धागे गायब.

हा उद्योग पोकेमॉनवाल्यांनी सुरू केलेला नाही. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९११मध्ये शेरलॉक होम्सच्या कथा खऱ्या इतिहासाची साधनं मानून त्यांच्यावर निबंध वाचला. तेव्हापासून वॉटसनची जखम खांद्याला होती की पायाला, यावर विद्वान मंडळी गंभीरपणे वाद घालत आली आहेत, कारण कॉनन डॉयलने एका कादंबरीत खांदा लिहिला आणि दुसरीत पाय. त्या वादाचा नियम असा की लेखक विसरला, असं म्हणून सुटका करून घ्यायची नाही. नियम कृत्रिम आहे, पण त्यामुळे वाचणारा मजकुराकडे बारकाईने पाहायला लागतो. पोकेमॉनचे चाहते नकळत हाच नियम पाळतात. अडचण एवढीच की नियम पाळणाऱ्या दोन थिअरींमध्ये बरी कोणती आणि वाईट कोणती, हे ठरवायला आणखी एक कसोटी लागते. माझ्या मते ती कसोटी अशी: आपण चुकीचे ठरलो तर ते कशावरून कळेल, हे जी थिअरी आधी सांगू शकते ती चांगली. कितीही गमतीदार असली तरी जी कधी हरूच शकत नाही, तिच्यापाशी फार थांबण्यात अर्थ नाही.

आकड्यांपासून सुरुवात करू. वेलॉर्ड हा व्हेलसारखा पोकेमॉन १४.५ मीटर लांब आणि वजनाला अवघा ३९८ किलो. खरा निळा देवमासा २५ ते ३० मीटरचा असतो आणि शंभर टनांच्या वर भरतो. वेलॉर्ड हवेपेक्षाही हलका असणार, असं बरेच चाहते ठासून सांगतात. हे पडताळता येतं. त्याचा आकार लांबट अंड्यासारखा धरला आणि जाडी पाच मीटर मानली, तर आकारमान १९० घनमीटरच्या आसपास येतं, आणि घनता दर घनमीटरला दोन किलोहून थोडी जास्त. हवेची घनता १.२ किलो. म्हणजे तो हवेत तरंगणार नाही. दावा थोडक्यात हुकतो. पण पाण्याची घनता हजार किलो आहे, तेव्हा हा प्राणी पाण्यात बुडणार कसा? त्याच्या शरीराचे हजारातले दोन भाग जेमतेम पाण्याखाली जातील. आणि हाच पोकेडेक्स म्हणतो की तो एका श्वासात तीन हजार मीटर खोल सूर मारतो. दोन्ही नोंदी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. इथे मला सरळ उत्तर जास्त पटतं: वेलॉर्डची रचनाच फुगलेल्या हवाई जहाजासारखी आहे आणि खेळात त्याची ओळखही तरंगणारा देवमासा अशीच करून दिलेली आहे. वजनाचा आकडा त्या कल्पनेच्या सोयीने निवडला, खोलीचा आकडा खऱ्या व्हेलवरून घेतला. आकडेमोड वाया गेली नाही. नोंदीतला कोणता भाग निसर्गातून आला आणि कोणता चित्रकाराच्या कल्पनेतून, हे तिनेच दाखवलं.

आता चाहत्यांची सर्वांत लाडकी थिअरी. म्यू हा दुर्मीळ पोकेमॉन. सगळ्या पोकेमॉनची जनुकं त्याच्यात आहेत असं म्हणतात. खेळातल्या सिनाबार बेटावरच्या एका पडक्या वाड्यात संशोधकांच्या डायरीची पानं सापडतात. त्यांवरून कळतं की दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात म्यू सापडला, त्याच्यापासून म्यूटू नावाचा पोकेमॉन जन्मला आणि तो आवरेनासा झाला. दुसरीकडे डिटो नावाचा गुलाबी गोळा आहे, जो समोरच्या कुठल्याही पोकेमॉनचं रूप घेतो. चाहते म्हणतात, डिटो म्हणजे म्यूची नक्कल करण्याचे फसलेले प्रयोग. पुरावे असे: दोघेही गुलाबी, दोघांचंही वजन बरोबर ४ किलो, दोघांनाही नर-मादी भेद नाही, रूप बदलण्याची विद्या दोघांकडेही उपजत. शिवाय १९९८च्या यलो आवृत्तीत डिटो त्याच पडक्या वाड्यात सापडतो. वाचताना अंगावर काटा यावा अशी जुळणी आहे. पण वकिली बाजूला ठेवून पाहू. ४ किलो वजन शेल्डर या शिंपल्याचंही आहे आणि त्याला कोणी म्यूचा भाऊ म्हणत नाही. वाड्याबाहेरही डिटो सापडतो. शिवाय म्यू खेळात कसा शिरला याची हकीकत प्रसिद्ध आहे. खेळ जवळजवळ पूर्ण झाल्यावर चाचणीचा प्रोग्राम काढून टाकला, सुमारे ३०० बाइट जागा मोकळी झाली, आणि शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरने तिथे गुपचूप म्यू बसवला. जो प्राणी खेळात शेवटच्या घटकेला आला, त्याच्याशी जुळवून डिटोचं वजन आधीच ठरवलं असेल ही शक्यता कमी वाटते. उलट क्रमाने झालं असेल तर गोष्ट वेगळी. तरी वाड्यातली ती भेट राहतेच, आणि ती मला सहज उडवून लावता येत नाही. थिअरी सिद्ध होत नाही, पण ती पुराव्यांची यादी देते आणि प्रत्येक पुरावा एकेक करून तपासता येतो. एखाद्या नव्या खेळात डिटोचा उगम दुसरीकडे दाखवला तर ती तिथल्या तिथे पडेल. हा तिचा मोठा गुण.

युद्धाची थिअरी याहून धाडसी. ती म्हणते, पहिल्या खेळातला कांतो प्रदेश नुकत्याच संपलेल्या महायुद्धातून सावरतोय. विजेचे पोकेमॉन वापरणारा लेफ्टनंट सर्ज अमेरिकन आहे आणि या पोकेमॉननी आपल्याला युद्धात वाचवलं असं स्वतः सांगतो. नायकाच्या घरी फक्त आई आहे, वडिलांचा पत्ता नाही. त्याच्या स्पर्धकाला आजोबा आणि बहीण, आईवडील नाहीत. गावागावांत मुलं आणि म्हातारी माणसं. लॅव्हेंडर गावात पोकेमॉनच्या थडग्यांनी भरलेला मनोरा. तरुण पुरुष रणांगणावर कामी आले, म्हणून लहान मुलं एकटी भटकतात, असा निष्कर्ष. कांतो हे जपानच्या टोकियोभोवतीच्या प्रदेशाचं खरं नाव असल्यामुळे १९४५ची सावली आपोआप पडते आणि थिअरीला एक दुःखद भारदस्तपणा येतो. पण तिचा कणा असलेला दावा, म्हणजे प्रौढ पुरुष नाहीत हा, खेळात चार पावलं टाकली की मोडतो. डोंगरात गिर्यारोहक आहेत, बंदरात खलाशी, नदीकाठी गळ टाकून बसलेले कोळी, सिल्फ कंपनीत मजलेच्या मजले भरून कर्मचारी, रस्त्यावर मोटरसायकलवाल्यांची टोळी, आणि टीम रॉकेट ही गुन्हेगार संघटना तर धडधाकट पुरुषांनीच भरलेली. वडील दिसत नाहीत याचं कारण कथेच्या रचनेत आहे. मुलाला घराबाहेर काढायचं तर घरची माणसं मोजकी ठेवणं सोयीचं. तरीही सर्जचं वाक्य उरतंच, ते खोडता येत नाही. प्यूटर शहरातल्या संग्रहालयातला एक माणूस २० जुलै १९६९चं चांद्रावतरण पाहायला रंगीत टीव्ही घेतल्याचं सांगतो, तिथेच कोलंबिया या अवकाशयानाची प्रतिकृती ठेवलेली आहे, आणि जुन्या पोकेडेक्समध्ये रायचू या पोकेमॉनच्या विजेचा धक्का भारतीय हत्तीला लोळवतो अशी नोंद आहे. या सगळ्यातून मला दिसतं ते असं की सुरुवातीला निर्मात्यांच्या मनात पोकेमॉनची दुनिया म्हणजे आपलंच जग होतं, त्यात अमेरिका, गयाना, हत्ती, युद्धं सगळं जमेस धरलेलं. पुढे त्या दुनियेने स्वतःचा भूगोल उभारला आणि जुने उल्लेख उत्खननातल्या खालच्या थरासारखे तळाशी राहिले. युद्ध कांतोत झालं असा पुरावा नाही. पण खालचा थर खरा आहे.

मालिकेबद्दलची एक थिअरी मात्र मला अजिबात आवडत नाही. पहिल्या भागात पिकाचू या आपल्या पोकेमॉनच्या विजेच्या लोळात सापडलेला मालिकेचा नायक ॲश बेशुद्धच राहिला आणि पुढचं सगळं त्याचं स्वप्न, असं ती म्हणते. ॲशचं वय वाढत नाही, प्रत्येक गावातल्या परिचारिका एकसारख्या दिसतात, हरलेले खलनायक पुन्हा पुन्हा परततात, सगळं स्वप्नात बसतं. प्रश्न असा की स्वप्नात काय बसत नाही? २०२२मध्ये ॲश जगज्जेता झाला, तेही बसतं. हरला असता, तरी बसलं असतं. मालिकेतली एकही गोष्ट पुन्हा पाहण्याची गरज ही थिअरी ठेवत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला अलोलाच्या मुंगसाची गोष्ट आहे. २०१६च्या सन आणि मून या खेळांतला अलोला प्रदेश हवाई बेटांवरून घेतलेला. तिथले रॅटाटा, म्हणजे उंदीर, काळ्या रंगाचे आहेत आणि रात्री दिसतात. यंगूस हा मुंगसासारखा पोकेमॉन दिवसा दिसतो. पोकेडेक्सप्रमाणे बाहेरून आलेल्या रॅटाटांचा सुळसुळाट झाला, तो आटोक्यात आणायला यंगूस आणले गेले, आणि रॅटाटांनी आपला वावर रात्रीवर नेला. खरी हवाई काय सांगते? जहाजांतून आलेल्या उंदरांनी तिथल्या उसाच्या मळ्यांची नासाडी केली, म्हणून मळेवाल्यांनी १८८३मध्ये जमैकाहून मुंगसं आणवली. जमैकात ती १८७२मध्ये कलकत्त्याहून गेली होती; ही आपल्याकडचीच लहान भारतीय मुंगसं. पण उंदीर मुख्यतः रात्री हिंडतात आणि मुंगूस दिवसा, त्यामुळे दोघांची गाठ फारशी पडेना. मुंगसांनी मोर्चा वळवला तो जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या अंड्यांकडे. हवाईचा नेने हंस आज जपावा लागतो, त्यामागच्या कारणांत मुंगूसही आहे. खेळात दिवस आणि रात्र बदलली की गवतातून निघणारा प्राणी बदलतो, एवढ्या एका तपशिलात फसलेल्या जैविक नियंत्रणाचा दीडशे वर्षांचा इतिहास कोणीतरी जाणूनबुजून बसवला आहे. एका बेटावर यंगूस दिसेनासा झाला किंवा रॅटाटा दिवसाउजेडी हिंडू लागला असता, तर हे साम्य वरवरचं ठरलं असतं. तसं झालेलं नाही. निर्मात्यांनी एवढा विचार केलाच नव्हता, सगळं चाहत्यांच्या डोक्यातलं, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. वेलॉर्डच्या वजनाबाबत तो बरोबर आहे, यंगूसबाबत साफ चूक. नोंदीगणिक वेगळा निकाल द्यावा लागतो, आणि तो देता येणं हेच या वाचनातलं कौशल्य.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. खऱ्या निसर्गाची नावं मुलांना येत नाहीत आणि खोट्या प्राण्यांची वंशावळ पाठ, ही तक्रार कुठल्याही पालकसभेत ऐकू येईल. तिला आधारही आहे. २००२मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अँड्र्यू बामफर्ड आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. आठ वर्षांची मुलं दाखवलेल्या पोकेमॉनपैकी जवळजवळ ८० टक्के ओळखत होती, आणि आसपासचे साधे प्राणी आणि झाडं मात्र निम्मीच. पण त्या संशोधकांनी खेळावर बंदी घाला असं म्हटलं नाही. मुलांची जीवजाती ओळखण्याची आणि लक्षात ठेवण्याची ताकद अफाट आहे, आणि त्यांचं लक्ष वेधण्यात निसर्गरक्षक खेळ बनवणाऱ्यांच्या मागे पडलेत, असा त्यांचा रोख होता. मला हा निष्कर्ष न्याय्य वाटतो. किडे नाहीसे झाले म्हणून जन्मलेल्या खेळावर, तो किड्यांपासून मुलांना तोडतो, असा आरोप करण्याआधी किडे कोणी नाहीसे केले, हे विचारायला हवं. यंगूसपासून मुंगसापर्यंत आलेलं मूल परिसंस्थेचा एक धडा शिकलेलं असतं. २०२१मध्ये होक्काइदोतल्या मिकासा शहराच्या संग्रहालयाने पोकेमॉनचे जीवाश्म आणि खरे जीवाश्म शेजारी शेजारी मांडून प्रदर्शन भरवलं, ते पुढे टोकियोच्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालयातही गेलं. साम्य कुठे आणि फरक कुठे हे पाहणाऱ्याने शोधावं, अशीच ती मांडणी होती.

जीवाश्मांवरूनच मला सर्वांत सकस वाटणारी थिअरी निघते: पोकेडेक्स हा चुका करणारा, ऐकीव गोष्टी टिपणारा दस्तऐवज आहे. याला विरोध करणारे म्हणतात की पहिल्या खेळातला पोकेडेक्स हे अत्याधुनिक यंत्र आहे, नोंद आपोआप होते, तेव्हा चूक कशी होईल? पण यंत्रात मजकूर भरणारं कोणीतरी माणूसच असणार. २०२२च्या ‘लेजेंड्स: आर्सियस’ या खेळात, जुन्या काळच्या हिसुई प्रदेशात, पहिला पोकेडेक्स तयार होताना दाखवला आहे. प्राध्यापक लॅव्हेंटन अंदाज बांधत, निरीक्षणं गोळा करत तो लिहितो, आणि रानात जाऊन ती निरीक्षणं आणणारं पोर जेमतेम पंधरा वर्षांचं. मॅगकार्गोचं तापमान तिथल्यासारख्या एखाद्या धास्तावलेल्या निरीक्षकाकडून आलं असेल, तर कोडं सुटतं. मात्र हे औषध जपून वापरायला हवं. नकोशी प्रत्येक नोंद चुकीची ठरवून मोकळं झालो तर आपण स्वप्नाच्या थिअरीच्याच रांगेत जाऊन बसू. चूक आहे असं म्हणायचं तर ती का आणि कशी झाली, हे दाखवता आलं पाहिजे. ते २०१९च्या सोर्ड आणि शील्ड या खेळांत दाखवता येतं. त्यातला गॅलार प्रदेश ब्रिटनवरून घेतलेला. तिथे चार प्रकारचे जीवाश्म मिळतात, प्रत्येक अर्ध्या शरीराचा: दोन वरचे भाग, दोन खालचे. एक संशोधिका कुठलाही वरचा भाग कुठल्याही खालच्या भागाला जोडून प्राणी जिवंत करते. आर्क्टोव्हिशचं तोंड डोक्याच्या वरच्या बाजूला येतं. पोकेडेक्स गंभीरपणे सांगतो की त्यामुळे पकडलेलं भक्ष्य खाताना त्याचे हाल होत आणि श्वास घेणं अवघड असल्यामुळे तो नामशेष झाला. ड्रॅकोव्हिशबद्दल म्हणतो, त्याने इतकी शिकार केली की भक्ष्यच संपलं. जोडणी चुकली आहे हे पाहणाऱ्याला लगेच कळतं. पोकेडेक्सला कळत नाही, तो चुकलेल्या सांगाड्यासाठी कारणं रचत राहतो.

आणि हे ब्रिटनमध्ये खरोखर घडलेलं आहे. गिडियन मँटेलने १८२५मध्ये इग्वानोडॉन या डायनोसॉरचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याच्या अवशेषांत मिळालेलं एक टोकदार हाड पुढे नाकावरचं शिंग म्हणून बसवण्यात आलं. १८५४मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत वॉटरहाउस हॉकिन्सने उभारलेल्या भव्य पुतळ्यांवर ते शिंग आजही दिसतं. १८७८मध्ये बेल्जियममधल्या बेर्निसार्टच्या कोळसाखाणीत सांगाडेच्या सांगाडे मिळाले, तेव्हा कळलं की ते हाड अंगठ्याचं होतं. अटलांटिकपलीकडे एडवर्ड कोप या संशोधकाने एलास्मोसॉरस या लुप्त समुद्री प्राण्याचं डोकं शेपटीच्या टोकाला लावलं होतं. ज्या देशात पुराजीवशास्त्र अशा चुकांमधून घडलं, त्याच देशावर बेतलेल्या प्रदेशात अशी संशोधिका ठेवणं योगायोग मानणं कठीण आहे. इथे थिअरी एक पाऊल पुढे जाऊन भाकीतही करते. चारही अर्धे तुकडे चार वेगवेगळ्या प्राण्यांचे असतील, तर खेळात जोडलेल्या चारांपैकी एकही जोडी खरी नाही. पक्ष्यासारख्या डोक्याला मागचं शरीर कुठलं होतं आणि माशाच्या जबड्यामागे कल्ले नि पर कसे होते, हे त्या दुनियेतल्या कुठल्याच खडकाने सोर्ड-शील्डमध्ये दाखवलेलं नाही. पुढे एखाद्या खेळात अखंड सांगाडा निघाला आणि तो या चारांपैकी एखाद्या जोडीशी तंतोतंत जुळला, तर पोकेडेक्स बरोबर होता आणि त्याच्यावर शंका घेणारे चूक. निघालेला सांगाडा पाचवाच कुठला असेल, तर मॅगकार्गोपासून वेलॉर्डपर्यंतची प्रत्येक नोंद नव्याने वाचावी लागेल.